रोवनचं जादा वर्ष

"नापास झालीस का?" विल्फ बर्केटने विचारलं. बटाट्याचा घास काट्यावर तसाच राहिला.

"नाही, डॅड."

"मग?"

"पास झाले. वर्गात तिसरी आले."

"मग एक वर्ष जास्त कशाला? पास झालेल्यांना पुढच्या वर्गात घालतात. आमच्या वेळी तरी घालायचे."

रोवनने आईकडे पाहिलं. जूडिथ पाठमोरी उभी राहून किटली भरत होती आणि तिला मध्ये पडायचं नव्हतं. सव्वीस वर्षांच्या संसारात ती एवढं शिकली होती, की विल्फ जेवत असताना त्याला नवीन काही सांगू नये. पोरीने नेमकी तीच वेळ धरली होती.

पशुवैद्यकाचं शिक्षण पाच वर्षांचं. तिसऱ्या वर्षानंतर ज्याला हौस असेल त्याने एक वर्ष बाजूला काढायचं, एकाच विषयात खोल शिरायचं, स्वतःचं संशोधन करायचं, वर आणखी एक पदवी मिळवायची आणि मग परत येऊन चौथ्या वर्षाला बसायचं. सक्ती कोणावर नाही. बरोबरची मुलं पुढे निघून जातात, आपण मागच्यांच्या बाकावर बसतो. रोवनने हे आपणहून मागितलं होतं आणि तिला मिळालंही होतं. विषय होता मेंढ्यांच्या अंगावरची कीड, त्यातही खरूज.

हा शब्द ऐकल्यावर विल्फने काटा खाली ठेवला. हाय गिल या त्यांच्या शेतावरच्या स्वयंपाकघरात तो कोणी मोठ्याने उच्चारत नसे.

मेंढीला खरूज होणं हा काही गुन्हा नाही. डोळ्यांना धड दिसत नाही एवढी बारीक कीड कातडीवर चरते, मेंढी अंग घासघासून लोकर उपटते, वाळते, कधी मरते. पण थॉर्नडेलच्या खोऱ्यात खरूज म्हणजे आळस, घाण आणि बेजबाबदारपणा, आणि ज्याच्या कळपात ती पहिल्यांदा दिसेल त्याच्या घराण्यावर शिक्का. आपल्या मेंढीला ती दुसऱ्याच्या मेंढीपासून लागते. दुसऱ्याच्या मेंढीला मात्र तिच्या मालकाच्या नालायकपणामुळे होते. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय मेंढ्यांनाही लागू आहे. गेले तीन हिवाळे ती पहिल्यांदा दिसत होती ती विल्फच्याच कळपात.

"तू पाच वर्षांत डॉक्टर होऊन येशील, तोवर मी तग धरीन, असा माझा हिशेब होता," विल्फ म्हणाला. "आता सहा म्हणतेस. माझ्याच्याने होणार नाही, पोरी. या हिवाळ्यात खरूज परत आली, तर उन्हाळ्याच्या आत कळप विकणार."

"विल्फ!" जूडिथ वळली.

"विकणार म्हणजे विकणार."

हे बोलणं रागाचं नव्हतं, म्हणूनच रोवनला ते खरं वाटलं. हाय गिलच्या हर्डविक जातीच्या मेंढ्या म्हणजे बाजारातून आणलेली जनावरं नव्हेत. वर डोंगरावर कुंपण नाही, मैलोन्‌मैल मोकळं. तरी त्या आपलाच उतार धरून राहतात, कारण आईने कोकराला तो उतार दाखवलेला असतो आणि त्या आईला तिच्या आईने. हा धागा एकदा तुटला की तुटला. नवा कळप आणून सोडला तर तो आठवड्यात तीन खोरी पालथी घालील. विल्फने कळप विकला तर नव्या मेंढ्यांना तो उतार शिकवायला कोणी उरणार नव्हतं.

"त्यासाठीच तर हे वर्ष घेतेय मी," रोवन म्हणाली. "तुझ्या कळपासाठी."

"माझ्या कळपाला औषध हवंय. पदवी नको."

आणि त्याने उरलेला बटाटा गार झालेला असूनही खाल्ला, कारण त्या घरात अन्न टाकत नाहीत.

* * *

बातमी फुटायला आठवडासुद्धा लागला नाही. मेंढीबाजारात विल्फ लिलावाच्या कठड्याला टेकून उभा असताना एडविन थेक्स्टन त्याच्या शेजारी आला. एडविन म्हणजे थॉर्नडेलच्या सामाईक डोंगराच्या चराई-मंडळाचा अध्यक्ष. डोंगरावर चारायचा हक्क असलेल्या सगळ्या घरांमध्ये त्याचा शब्द शेवटचा. माणूस वाईट नव्हता, पण जीभ कात्रीसारखी होती.

"ऐकलं ते खरं का? पोरगी मागे राहिली म्हणे."

विल्फला खरं सांगता आलं असतं. त्याने तोंड उघडलंही. पण पास झालेली पोरगी आपल्या पायांनी एक वर्ष मागे चालत जाते, तेही खरजेचा अभ्यास करायला, हे त्या कठड्यावर ओळीने टेकलेल्या टोप्यांना कसं समजावणार? नापास परवडलं. ते निदान लोकांना कळतं.

"हं," विल्फ म्हणाला.

"होतं असं," एडविन मोठ्या मनाने म्हणाला. "सगळ्यांच्या डोक्याला झेपत नाही. माझ्या मेव्हण्याचा पोरगा दोनदा राहिला. आता ट्रॅक्टर विकतो, मजेत आहे."

झालं. त्या दिवसापासून थॉर्नडेलमध्ये रोवन बर्केट नापास झाली. पोस्टातल्या बाईने जूडिथला आल्याचा केक दिला आणि तिच्या दंडावर हात ठेवला. जूडिथ घरी येऊन नवऱ्यावर अशी बरसली की बाहेर बांधलेली कुत्री भुंकायला लागली. पण एकदा पसरलेलं परत गोळा करणं विल्फला जमलं नाही, आणि त्याने तसा प्रयत्नही केला नाही.

* * *

कॉलेजात रोवनचं वर्ष सुरू झालं ते एका तळघरातल्या प्रयोगशाळेत. तिच्या मैत्रिणी चौथ्या वर्षाला गेल्या होत्या. त्या गाईंची बाळंतपणं करत होत्या आणि खांद्यापर्यंत मळलेले हात दाखवणारे फोटो पाठवत होत्या. रोवन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कीड मोजत होती. पहिल्या पंधरवड्यात तिला दोनदा वाटलं, की डॅडचं बरोबर होतं.

तिच्या मार्गदर्शक डॉ. अडेयेमी बुटक्या, शांत आणि प्रश्न विचारून माणसाला हैराण करणाऱ्या होत्या. त्यांच्याकडे रक्ताची एक तपासणी होती. मेंढीला खाज सुटायच्या कितीतरी आधी, तिच्या अंगावर कीड आहे की नाही हे ती सांगे. या तपासणीने थॉर्नडेलची खरूज नेमकी कुठून येते ते शोधायचं, असं रोवनने ठरवलं होतं.

"सगळे औषध देतात?" डॉ. अडेयेमींनी विचारलं.

"सगळे. ऑक्टोबरात मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या की त्याच दिवशी आपापल्या मेंढ्यांना इंजेक्शन देतात. त्याबाबतीत कोणी चालढकल करत नाही."

"मग अशी कुठली मेंढी आहे, जिला कधीच सुई टोचली जात नाही?"

"अशी एकही नाही."

"एकही नाही?"

"नाही. म्हणजे पाहुण्या सोडून. पण त्या आपल्या नसतात ना."

"पाहुण्या म्हणजे?"

रोवन सांगू लागली. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला आजवर वाटलंच नव्हतं. मेंढ्या उतरवताना दुसऱ्यांच्याही थोड्या आपल्या कळपात येतात. त्यांना पाहुण्या म्हणतात. हाय गिल डोंगराच्या फाटकाला सगळ्यात जवळ, म्हणून सगळ्या खोऱ्यातल्या पाहुण्या तिथे आणून ठेवतात, घरामागच्या कुरणात, विल्फच्या मेंढ्यांच्या शेजारी. मध्ये फक्त एक दगडी गडगा. नोव्हेंबरच्या अखेरीला मेंढपाळांचा मेळा भरतो. तेव्हा जो तो कानाची कापखूण आणि पाठीवरचा रंग बघून आपली मेंढी घेऊन जातो. तोवर बर्केट त्यांना चारा घालतात, पाणी दाखवतात. आजोबांच्या आधीपासूनची रीत आहे. फक्त एक पक्कं: दुसऱ्याच्या मेंढीला औषध द्यायचं नाही, कातरायचं नाही, खूण करायची नाही. तो तिच्या मालकाचा अपमान.

"आणि घरी परत गेल्यावर तिचा मालक तिला औषध देतो?"

"नाही, त्याचं औषध तर ऑक्टोबरातच..." रोवन थांबली.

डॉ. अडेयेमी चहा पीत राहिल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मेंढ्या सवयीच्या गुलाम असतात. जी एकदा भलत्या दारात उतरली ती दर वर्षी तिथेच उतरते. म्हणजे त्याच त्या पाहुण्यांना वर्षानुवर्षं सुई लागलेली नव्हती. महिनाभर त्या हाय गिलच्या गडग्याला अंग घासत, आणि पलीकडून विल्फच्या मेंढ्या तोच गडगा घासत. मग मेळ्याच्या दिवशी, इकडे सगळ्यांच्या औषधाचा जोर ओसरत असताना, त्या आपापल्या घरी जात आणि खरूज घरपोच करत. म्हणून पहिल्यांदा ती बर्केटांकडे दिसे आणि मग सगळीकडे. डॅड सगळ्यांच्या मेंढ्या सांभाळत होता आणि त्याबद्दल शिव्या खात होता. चोर सोडून संन्याशाला फाशी!

रोवनला इतका राग आला की तिला रडू फुटलं. डॉ. अडेयेमींनी कागदी रुमालाचा डबा पुढे सरकवला.

"छान," त्या म्हणाल्या. "आता हे सिद्ध करा. नुसतं तुम्हाला वाटतं, याला काही किंमत नाही."

* * *

सिद्ध करायचं तर उतरणीच्या दिवशी दोन्हीकडचं रक्त हवं, विल्फच्या मेंढ्यांचं आणि पाहुण्यांचं. विल्फने आपल्या मेंढ्यांचं रक्त घ्यायला परवानगी दिली. पाहुण्यांचं नाव काढताच मात्र त्याचा चेहरा दगडासारखा झाला.

"दुसऱ्याच्या मेंढीला सुई? माझ्या कुरणात? माझ्या बापाने असलं कधी केलं नाही."

"डॅड, त्याच मेंढ्या तुला बुडवतायत."

"बुडवू देत. त्या माझ्या भरवशावर आहेत."

"घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं," जूडिथ भांडी आपटत म्हणाली. "आणि आमचे हे त्या घोड्याला ओवाळतात."

रोवन मग स्वतःच दारोदार फिरली. पहिल्या घरी म्हणाले, एडविनला विचार. दुसऱ्या घरीही तेच. एडविन गोठ्यात होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हात पुसले.

"पोरी, तू चांगली आहेस. पण नापास झालेल्या मुलीला हात बसवायला माझी मेंढी द्यायची, हे काही मला पटत नाही. आधी पास हो, मग ये."

"मी नापास झाले नाही, मिस्टर थेक्स्टन."

"तुझा बाप म्हणाला तसं."

रोवन घरी आली ती दार न आपटता. ते जास्त वाईट होतं. विल्फ टेबलाशी बूट घालत होता. दुसऱ्या दिवशी उतरण होती.

"तू एडविनला सांगितलंस मी नापास झाले?"

विल्फ बुटाच्या नाडीकडे बघत राहिला. "सांगितलं नाही. त्याने विचारलं, मी हं म्हटलं."

"का?"

"मला सांगता आलं नसतं, तू काय करतेयस ते. मलाच धड कळलं नव्हतं." त्याने बुटावरचा चिखल अंगठ्याने खरवडला. "आणि खरजेचा अभ्यास म्हटलं असतं, तर सगळे म्हणाले असते, बर्केटच्या घरी तिची सोयच आहे."

"मग आता मी काय करू?"

विल्फने नाडी बांधली. दुसरा बूट घातला. टोपी घेतली. जेवण टेबलावर वाढलेलं होतं, आणि त्या माणसाने वाढलेलं ताट सोडून जाण्याची ती पहिलीच वेळ असावी.

तो तडक एडविनच्या घरी गेला. रोवन मागोमाग गेली, पण अंगणातच थांबली. दार उघडं होतं, आणि त्या दोघांना हळू बोलता येत नव्हतं.

"पोरगी तिसरी आली वर्गात," विल्फ आत पाय ठेवताठेवता म्हणाला. "हे वर्ष तिने आपणहून घेतलंय. वर आणखी एक पदवी मिळणार. मी तुला हं म्हटलं, कारण मला लाज वाटली. तिची नव्हे, खरजेची. आता पुन्हा कोणी तिला नापास म्हटलं, तर मी ऐकून घेणार नाही."

"बस तरी, लेका."

"बसत नाही. उद्या ती माझ्या मेंढ्यांचं आणि पाहुण्यांचं, दोन्हींचं रक्त घेणार. माझ्यात कीड निघाली आणि पाहुण्या साफ निघाल्या, तर मी कळप विकतो आणि माझा चराईचा हक्क तू घे. उलटं झालं, तर ती सांगेल तसं सगळ्या खोऱ्याने करायचं."

अंगणात रोवनने हे सगळं ऐकलं. तिच्या तपासणीवर आता तिची पदवीच नव्हे, सगळं हाय गिल टांगलं होतं. आत धावत जाऊन नको म्हणावं असं तिला वाटलं, पण ती अंगणातच थांबली.

"माझ्या मेंढ्या मी स्वतः धरणार," एडविन शेवटी म्हणाला. "तुझ्या पोरीने नस चुकवली तर तिथेच बोलणार."

* * *

उतरणीचा दिवस कोरडा आणि वाऱ्याचा होता. नेच्यांनी तांबूस झालेल्या उतारावरून करड्या मेंढ्या ओघाने खाली आल्या. कुत्री, शिट्ट्या, शिव्या, सगळं नेहमीसारखं. शिकाऊ मुलीने सुई टोचायची तर पशुवैद्य समोर हवा असा कायदा, म्हणून खोऱ्यातले म्हातारे पशुवैद्य मिस्टर गिलपिन हजर होते. ते गडग्यावर बसले, खिशातून टॉफी काढली आणि म्हणाले, "चल, मी बघतोय."

रोवनने आधी डॅडच्या मेंढ्या घेतल्या. मग कुरणाचं फाटक उघडलं. एडविनने आपली पहिली मेंढी धरली, मान वर केली आणि कपाळाला आठ्या घालून पोरीच्या हाताकडे बघत राहिला. रोवनने मानेवरची लोकर बाजूला सारली, अंगठ्याने नस दाबली, सुई घातली. नळीत काळपट लाल रक्त चढलं. मेंढी हललीसुद्धा नाही.

"हं," एडविन म्हणाला. दुसरीला धरताना त्याने आठ्या घातल्या नाहीत.

दोन दिवसांनी रोवन प्रयोगशाळेत एकटी होती. तपासणीची ताटली असते छोट्या छोट्या खळग्यांची. ज्या खळग्यात रंग चढतो, त्या मेंढीला कीड. तिने शेवटचं द्रावण घातलं आणि हात मांडीखाली धरून बसली. वरच्या ओळी डॅडच्या होत्या. त्या पाण्यासारख्या राहिल्या, एकही खळगा बदलला नाही. खालच्या ओळींत, पाहुण्यांच्यात, एक पिवळा झाला, मग शेजारचा, मग पलीकडचे चार. तिने खळग्यांचे आकडे वहीतल्या नोंदीशी ताडून पाहिले. मग पुन्हा पहिल्यापासून सगळी तपासणी केली, कारण डॉ. अडेयेमींनी तिला तसंच शिकवलं होतं. उत्तर तेच आलं.

तिने फोन लावला. "डॅड, तू साफ आहेस."

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. फोन जूडिथने घेतला. "काय झालं गं? हा माणूस गोठ्यात जाऊन उभा राहिलाय."

* * *

मेळा भरला तो पबच्या मागच्या आवारात. मेंढ्या नंतर हाय गिलहून न्यायच्या होत्या. आधी जेवण, मोठ्या पातेल्यांतलं मटण-बटाट्याचं टेटी पॉट आणि बाजूला लोणच्यातला लाल कोबी. जेवणं झाल्यावर एडविनने टेबलावर मूठ आपटली.

"बर्केटची पोरगी बोलणार आहे. ऐका."

रोवन उभी राहिली. कॉलेजात तिने पडद्यावर तक्ते लावून भाषणं दिली होती. इथे तक्ता नव्हता. होते ते तिला लहानपणापासून ओळखणारे तांबडे चेहरे, आणि त्यांतले निम्मे तिला बिचारी समजत होते.

"उतरणीला आमच्या मेंढ्या साफ होत्या," ती म्हणाली. "खरूज पाहुण्यांत आहे. ज्या मेंढ्या दर वर्षी दुसऱ्याच्या दारात उतरतात, त्यांना कोणीच औषध देत नाही. आम्ही देत नाही, कारण त्या तुमच्या. तुम्ही देत नाही, कारण तुमचं औषध देऊन झालेलं असतं. त्या आमच्या गडग्याला अंग घासतात आणि मग तुमच्या घरी येतात. यात कोणीही आळशी नाही. आपण सगळे रीत पाळत आलो, एवढंच."

कुजबुज झाली. मागून कोणीतरी विचारलं, "कोणाच्या आहेत त्या?"

"ज्याचं त्याला घरी येऊन सांगेन."

"माझ्या आहेत का?" एडविनने विचारलं.

"मिस्टर थेक्स्टन, घरी..."

"इथेच सांग. मीच धरल्या होत्या."

रोवनने विल्फकडे पाहिलं. विल्फ टोपी मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर सूड नव्हता. तिला वाटलं होतं, असेल. तीन वर्षं ज्याने टोमणे मारले त्याला आज भर मेळ्यात पकडलं होतं, आणि डॅड त्याच्याकडे काळजीने बघत होता.

"दोन तुमच्या आहेत," ती म्हणाली. "आणि इतर घरांच्याही आहेत. तुम्ही एकटे नाही."

एडविनच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढली. मग तो उठला, विल्फसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तीन वर्षं तू माझ्या मेंढ्या पोसल्यास, आणि मी गावभर तुझं नाव खराब केलं."

"चारा काही महाग नव्हता," विल्फ म्हणाला.

लोक हसले, आधी चाचरत, मग खदखदून. एडविनने ते संपू दिलं आणि रोवनकडे वळला. "सांग आता. काय करायचं?"

"आज पाहुण्या आमच्या कुरणातून सुई टोचल्याशिवाय बाहेर जायच्या नाहीत. या आठवड्यात सगळ्यांनी आपापल्या कळपाला पुन्हा औषध द्यायचं, एकाच वेळी. आणि पुढच्या वर्षीपासून पाहुणी ज्याच्या दारात उतरेल, त्याने तिथेच टोचायचं. कोणाचीही असो."

"दुसऱ्याच्या मेंढीला," कोणीतरी पुटपुटलं.

"हो," एडविन गरजला. "दुसऱ्याच्या मेंढीला! शब्द दिलाय मी."

त्या दुपारी हाय गिलच्या कुरणात सगळं खोरं लोटलं. एडविनने आपली मेंढी दोन्ही गुडघ्यांत पकडली आणि विल्फला हाक मारली. "ये. पहिली तू टोच."

"मी?"

"मग कोण? सुरुवात तुझ्याकडूनच व्हायला हवी, गड्या."

विल्फने सुई हातात घेतली. ज्या हातांनी चाळीस वर्षं दुसऱ्याच्या मेंढीला चारा घातला, पण कधी कात्री लावली नाही, त्या हातांनी मेंढीची लोकर हळूच बाजूला सारली. रोवन त्याच्याजवळ वाकली. "कानामागे, डॅड. कातडीखाली."

"माहीत आहे मला," तो चिडून म्हणाला, आणि त्याने टोचलं.

* * *

तो हिवाळा विल्फने गडग्याकडे बघत काढला. रोज सकाळी तो दगडांवर लोकर शोधे. डिसेंबर गेला, ख्रिसमसला रोवन येऊन गेली, फेब्रुवारीत बर्फ पडून वितळलं. दगडांवर लोकर नव्हती. तो कोणाला काही बोलला नाही, बोललं तर दृष्ट लागेल म्हणून. वसंतात कोकरं झाली, आणि कळप विकायचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

जुलैत लोकर कातरायला नेहमीप्रमाणे शेजारी जमले. कातरणीला काही लपत नाही. आजारी मेंढीची लोकर तुकड्या-तुकड्यांनी निघते. त्या दिवशी एकेक लोकर अखंड निघाली, करडी, जाड, एकसंध. एडविन ती उचलून उजेडात धरे, उलटसुलट करे आणि गुंडाळून ठेवे. हल्ली लोकरीला कोणी विचारत नाही, तरी त्याने प्रत्येक गुंडाळी अशी रचली, जणू नवऱ्या मुलीचा शालू.

रोवन हातात फोन घेऊन आली. निकाल लागला होता. तिने आधी आईला दाखवला. जूडिथने किंकाळी फोडली आणि चहाचे कप तसेच टाकून तिला मिठीत घेतलं. विल्फने फोन घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि मग लोकर चिकटलेल्या हातांनी तोंडाभोवती ओंजळ करून, डोंगरावर कुत्र्याला साद घालतो त्या आवाजात ओरडला:

"ऐका रे! माझी पोरगी पहिल्या श्रेणीत पास झाली! जादाची पदवी! तीच, जिच्यासाठी ती एक वर्ष मागे राहिली!"

कात्र्या थांबल्या. टोप्या उडाल्या. मिस्टर गिलपिनने सगळ्यांना टॉफ्या वाटल्या.

संध्याकाळी कातरलेल्या, हलक्या झालेल्या मेंढ्या कोकरांसह डोंगराच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. एडविनने फाटक उघडलं. म्हातारी मेंढी पुढे झाली, तिच्या मागून कोकरू, आणि मग सगळा कळप आपल्या उताराची वाट धरून वर चढू लागला. कोणी हाकायची गरज नव्हती.

"मग, सप्टेंबरात चौथ्या वर्षाला बसणार?" एडविनने विचारलं.

"हो. आता पटकन डॉक्टर व्हायचंय."

"घाई कसली आहे?" एडविन फाटकावर कोपरं टेकवून वर बघत म्हणाला. "मेंढ्यांच्या यकृतातल्या जंतांचं अजून राहिलंय. खूर सडून लंगडतात त्याचं राहिलंय. आणखी एखादं वर्ष नापास हो ना, पोरी."

रोवनने विल्फकडे पाहिलं. तिला वाटलं, आता डॅड चिडणार.

"होईल की," विल्फ म्हणाला. "कळप आहे तोवर. आणि कळप आहेच."